दोन परंपरांचा विवाह: कोणता विधी सोडता येत नाही आणि कोणता सोडता येतो

प्रश्न असा आहे: वधू आणि वर वेगवेगळ्या धर्मांतले व वेगवेगळ्या देशांतल्या घराण्यांतले आहेत, दोन्ही घरांना आपापले विधी हवे आहेत आणि एवढे सगळे एका दिवसात बसत नाही. मग त्यांतले आवश्यक विधी कोणते, ऐच्छिक कोणते आणि दोन्हींची सांगड घालून एकच विधी करता येईल का? अशा विवाहांची आखणी करणे हेच माझे अनेक वर्षांचे काम असल्यामुळे या प्रश्नाचे उत्तर जरा विस्ताराने देतो.

माझ्या मते सुरुवात एकाच शोधाने करावी. प्रत्येक परंपरेत विवाह सिद्ध करणारी एक ठरावीक कृती असते. ती होईपर्यंत दोघे अविवाहित असतात आणि ती झाली की विवाहित. तिच्या मागेपुढे येणारे बाकीचे विधी बहुधा तयारीचे, आनंदाचे किंवा मानपानाचे असतात. दोन्ही परंपरांतली ही कृती ओळखावी, ती पूर्ण आणि निर्भेळ रूपात पार पाडावी, आणि उरलेल्या विधींत मोकळेपणाने निवड करावी. अडचण एवढीच की घरातल्या माणसांना विचारले तर ती बहुधा वेगळ्याच गोष्टीचे नाव घेतात. कोणी पोशाखाचे घेते, कोणी मिरवणुकीचे, कोणी वडिलांनी मुलीचा हात धरून तिला आत आणण्याचे. या गोष्टी त्यांना प्रिय असतात आणि त्यांचा मान राखायलाच हवा. पण त्या वगळल्या तरी विवाह होतो, हे आधी कळलेले बरे.

ही कृती कोणी करायची याविषयी एकाच धर्माच्या दोन शाखांतही किती अंतर असते, ते ख्रिस्ती विवाहात दिसते. रोमन कॅथलिक परंपरेत वधू आणि वर यांची परस्परांना दिलेली संमती हाच विवाह. पाश्चात्त्य कॅथलिक समजुतीप्रमाणे तो संस्कार ते दोघेच एकमेकांना देतात आणि धर्मगुरू चर्चच्या वतीने ती संमती विचारून स्वीकारतो. धर्मगुरू आणि किमान दोन साक्षीदार यांच्यासमोरच ही संमती दिली पाहिजे हा नियम 1563 मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने घातला. त्याआधी दोघांनी एकांतात दिलेले वचनही विवाह म्हणून मानले जाई, आणि पुढे त्यातला एक जण ते नाकारू लागला की वाद उभे राहत. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरेत मात्र विवाह धर्मगुरूच्या आशीर्वादाने आणि मुकुटधारणाने सिद्ध होतो. ग्रीक पद्धतीत फितीने एकमेकांना जोडलेले दोन मुकुट वधूवरांच्या डोक्यांवर ठेवतात, त्यांची तीनदा अदलाबदल करतात, दोघांना एकाच पेल्यातून द्राक्षरस देतात आणि मग धर्मगुरू त्यांना टेबलाभोवती तीन प्रदक्षिणा घालायला नेतो. या संपूर्ण विधीत वधूवरांना एक शब्दही बोलावा लागत नाही. अंगठ्या असतात, पण त्या वाङ्निश्चयाच्या भागात. त्यामुळे वधू कॅथलिक आणि वर ग्रीक ऑर्थोडॉक्स असला की तिच्या घरचे लोक शेवटपर्यंत शपथेची वाट पाहत बसतात आणि शपथ न होताच लोक उठून अभिनंदन करू लागले की ते गोंधळतात. असा प्रसंग टाळायचा असेल, तर विवाह नेमका कोणत्या क्षणी होतो हे पाहुण्यांना आधी छापून द्यावे. माझ्या कामातला हा सर्वांत साधा आणि सर्वांत उपयोगी पडलेला उपाय आहे.

ज्यू आणि मुस्लिम परंपरांत विवाहाला कराराचे रूप आहे, आणि करार म्हटला की बारकावे आलेच. ज्यू विवाहात हुप्पा नावाच्या छत्राखाली वर वधूच्या उजव्या हाताच्या तर्जनीत अंगठी घालतो आणि मोशे व इस्राएल यांच्या नियमानुसार तू या अंगठीने माझ्यासाठी पवित्र झालीस, अशा अर्थाचे वाक्य म्हणतो. ही अंगठी त्याच्या स्वतःच्या मालकीची असावी लागते, म्हणजे आईकडून घेतली असेल तर ती तिने त्याला खरोखर देऊन टाकलेली असावी लागते. ती साधी आणि खड्यांशिवायची असावी असा रिवाज आहे, कारण खडा असला की त्याच्या किमतीविषयी वधूची समजूत चुकण्याची शक्यता राहते, आणि करारात दिली जाणारी वस्तू संदिग्ध असून चालत नाही. पाहणारे दोन साक्षीदार पारंपरिक नियमाप्रमाणे वधूवरांचे नातलग नसावे लागतात आणि परस्परांचेही नसावे लागतात. पुष्कळ कुटुंबे सख्ख्या भावाला हा मान द्यायला निघतात आणि रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, ऐन वेळी हरकत घेतो, म्हणून हे आधी तपासावे. पतीची पत्नीविषयीची कर्तव्ये नोंदवणारा केतुबा हा करारनामा वाचून पत्नीच्या हाती दिला जातो, त्यानंतर सात आशीर्वाद म्हटले जातात आणि शेवटी पायाखाली काचेचा पेला फोडला जातो. सन 70 मध्ये जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाले, त्याची आठवण आनंदाच्या क्षणीही ठेवायची, हे त्याचे रूढ स्पष्टीकरण आहे. बाहेरच्या पाहुण्याला पेला फुटणे हाच कळस वाटतो. पण विवाहाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत ती अंगठी, ते वाक्य आणि ते दोन साक्षीदार.

निकाहमध्ये प्रस्ताव आणि स्वीकार, म्हणजे इजाब आणि कबूल, हे एकाच बैठकीत, साक्षीदारांसमोर व्हावे लागतात. वराकडून वधूला मिळणारी रक्कम किंवा वस्तू, म्हणजे मेहर, हा तिचा स्वतःचा हक्क असतो. तो तिच्या वडिलांना किंवा कुटुंबाला दिलेला मोबदला नव्हे. त्यातला काही भाग लगेच आणि काही भाग पुढे देण्याचे ठरवता येते. वधूच्या वतीने वली, म्हणजे पालक, असणे बहुतेक सुन्नी पंथांत आवश्यक मानले जाते, तर हनफी पंथ सज्ञान स्त्रीला स्वतः करार करण्याची मुभा देतो. हा विधी काही मिनिटांत आटोपतो, म्हणून दुसऱ्या बाजूच्या लोकांना तो अपुरा वाटतो आणि ते त्यात आणखी काहीतरी घालावे असा आग्रह धरतात. मी तसे करू देत नाही. मोठा आनंदसोहळा हवा असेल, तर त्यासाठी वलीमा, म्हणजे विवाहानंतरची मेजवानी, आहेच. मेहरची रक्कम मात्र विवाहाच्या पुष्कळ आधी, दोघांच्या समोर आणि लेखी ठरलेली असावी. बैठक भरल्यावर तिच्यावर चर्चा सुरू झाली, की त्या चर्चेचा कडवटपणा दोन्ही घरांत वर्षानुवर्षे राहतो.

ज्या परंपरांत विवाह एका क्षणात होत नाही, तर दोन घराण्यांमधल्या बोलण्यांतून टप्प्याटप्प्याने होत जातो, तिथे अधिक काळजी घ्यावी लागते. दक्षिण आफ्रिकेत लोबोला म्हणून वराचे घराणे वधूच्या घराण्याला गुरे किंवा हल्ली बहुधा पैसे देते आणि त्यासाठी दोन्हीकडची जाणती माणसे वाटाघाटीला बसतात. बाहेरून पाहणारा याला पटकन खरेदी म्हणतो. मला ते मान्य नाही, कारण या बोलण्यांचा मुख्य हेतू दोन घराण्यांना एकमेकांना बांधील करण्याचा असतो; तरीही रकमेचा ताण तरुण जोडप्यावर येतो, ही गोष्ट तिथलेच लोक उघडपणे बोलतात आणि तीही खरी आहे. 1998 च्या कायद्याने त्या देशात रूढिगत विवाहांना पूर्ण मान्यता मिळाली. त्यानंतर वधूला समारंभपूर्वक वराच्या घराण्याच्या स्वाधीन करण्याचा विधी झाला नसेल तर विवाह झाला असे म्हणायचे का, हा वाद थेट सर्वोच्च अपील न्यायालयापर्यंत गेला, आणि 2019 व 2020 च्या निकालांत त्या न्यायालयाने सांगितले की केवळ तो विधी राहिला म्हणून विवाह झालाच नाही असे ठरत नाही. आपण कोणत्या दिवशी विवाहित झालो हा प्रश्न वारसा, मालमत्ता आणि घटस्फोट या तिन्ही ठिकाणी समोर येतो. म्हणून बोलण्यांच्या प्रत्येक टप्प्याची लेखी नोंद ठेवावी आणि तिच्यावर दोन्हीकडच्यांच्या सह्या घ्याव्यात.

नायजेरियातल्या इग्बो विवाहातला एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. बोलणी पूर्ण झाल्यावर वधूचे वडील किंवा घरातले वडीलधारे तिच्या हाती ताडीने भरलेला पेला देतात आणि तुझा नवरा कुठे आहे तो आम्हाला दाखव असे सांगतात. ती गर्दीतून चालू लागते. वाटेत इतर पुरुष तिला हाका मारतात, पेला आपल्याला देण्याची गळ घालतात, आणि वर कुठेतरी मित्रांच्या घोळक्यात लपल्यासारखा बसलेला असतो. ती त्याला शोधून काढते, त्याच्यापुढे गुडघे टेकते, पेल्यातला घोट स्वतः घेऊन पेला त्याला देते आणि तो पितो. या संपूर्ण प्रसंगात संमती हा शब्द कुठेही नाही, तरी सगळ्या गावासमोर तिने स्वतः चालत जाऊन माणूस निवडलेला असतो.

इराणी विवाहात हीच संमती संयमाने व्यक्त होते. आरसा, दोन शमादान आणि अनेक शुभवस्तू मांडलेल्या सुफऱ्यासमोर, म्हणजे पसरलेल्या कापडासमोर, वधूवर बसतात, विवाहित स्त्रिया त्यांच्या डोक्यांवर कापड धरून त्यावर साखरेचे दोन ढेपसे एकमेकांवर घासतात, आणि वधूला तिची संमती विचारली जाते. पहिल्यांदा ती गप्प राहते व बायका म्हणतात की वधू फुले तोडायला गेली आहे. दुसऱ्यांदा म्हणतात की ती गुलाबपाणी आणायला गेली आहे. तिसऱ्यांदा ती आईवडिलांची अनुज्ञा घेऊन हो म्हणते आणि घर आनंदाने भरून जाते. जिथे प्रश्न विचारताच स्पष्ट होकार देण्याची पद्धत आहे, अशा घरचे पाहुणे पहिल्या मौनालाच घाबरतात, तिच्यावर जबरदस्ती होते आहे की काय अशी शंका घेतात. अशा वेळी विधी चालू असताना हळू आवाजात अर्थ सांगणारा माणूस त्यांच्यात बसवावा. त्याचबरोबर, मौन हा विधीचाच भाग आहे असे म्हणून खऱ्या नकाराकडे दुर्लक्ष होऊ नये, याची काळजी मी स्वतः घेतो: प्रत्येक विवाहाआधी वधूशी आणि वराशी वेगवेगळे, घरच्यांच्या अनुपस्थितीत बोलतो. दोन्ही बाजूंची मुक्त आणि पूर्ण संमती असल्याशिवाय विवाह होऊ नये, हे 1962 च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातही नमूद आहे, आणि कोणत्याही परंपरेचा मान या अटीच्या वर जात नाही.

आता ऐच्छिक विधींकडे येऊ. यांच्या बाबतीत सर्वांत जास्त ऐकू येणारे विधान म्हणजे हे आमच्याकडे पूर्वापार चालत आले आहे. पाश्चात्त्य वधूचा पांढरा झगा घ्या. 1840 मध्ये ब्रिटनच्या राणी व्हिक्टोरियाने आपल्या विवाहात पांढरा पोशाख घातला आणि त्यानंतर ती पद्धत रुळत गेली. त्यापूर्वी वधू आपल्याकडे असेल तो चांगला पोशाख, कोणत्याही रंगाचा, घालत असे. जपानमधला शिंतो देवस्थानातला विवाह अतिप्राचीन वाटतो, पण त्याचे आजचे रूप 1900 मध्ये युवराज योशिहितो यांच्या विवाहानंतर लोकप्रिय झाले. स्वीडनमध्ये वधूवर बरोबरीने चालत आत येतात आणि वडिलांनी मुलीला आणून सोपवण्याची पद्धत तिथे परकी मानली जाते. 2010 मध्ये युवराज्ञी व्हिक्टोरिया यांनी वडिलांबरोबर येण्याची इच्छा दाखवल्यावर तिथे बरीच चर्चा झाली, आणि अखेर राजाने त्यांना काही अंतर आणले व पुढचे अंतर त्या वराबरोबर चालल्या. अमेरिकेत गुलामगिरीतल्या कृष्णवर्णीयांच्या विवाहांना कायदा मान्यता देत नव्हता, तेव्हा अनेक जोडप्यांनी जमिनीवर ठेवलेल्या झाडूवरून एकत्र उडी मारून आपला विवाह आपल्या माणसांसमोर जाहीर केला. त्यांचे वंशज आज कायद्याचे पूर्ण संरक्षण असतानाही ती उडी मुद्दाम मारतात, आणि तसे करण्याचे त्यांचे कारण अत्यंत आदरणीय आहे. या उदाहरणांवरून माझे मत असे बनले आहे की विधीचे वय हा त्याला ठेवण्याचा किंवा टाकण्याचा निकष होऊ शकत नाही. या दोन माणसांसाठी त्याचा आज काय अर्थ आहे, एवढेच विचारावे.

रंगांचा प्रश्न लहान दिसतो, पण त्यावरून रुसवे होतात. चिनी परंपरेत विवाहाचा रंग लाल आणि पांढरा हा शोकाचा, म्हणून पांढऱ्या झग्यातल्या सुनेने ज्येष्ठांसमोर येऊ नये असे काही घरांत अजूनही वाटते. यावर बहुतेकांनी आपणच तोडगा काढला आहे: शपथेच्या वेळी पांढरा पोशाख आणि ज्येष्ठांना गुडघे टेकून चहा देण्याच्या विधीला लाल. चहाचा हा विधी मला कधीच वगळावासा वाटत नाही, कारण त्यात नव्या माणसाला नात्याचे संबोधन वापरून पहिल्यांदा हाक मारली जाते आणि ज्येष्ठांनी तो पेला स्वीकारणे म्हणजे त्या माणसाचा स्वीकार असतो.

दोन विधी एकत्र गुंफावेत का, याचे उत्तर देताना मला आर्नोल्ड व्हान जेनेप या अभ्यासकाची 1909 मधली मांडणी उपयोगी पडते. माणसाला एका अवस्थेतून दुसरीत नेणाऱ्या विधींचे त्याने तीन टप्पे सांगितले: जुन्या अवस्थेपासून वेगळे होणे, उंबरठ्यावर असणे आणि नव्या अवस्थेत सामावले जाणे. पहिल्या आणि तिसऱ्या टप्प्यातले विधी हवे तसे एकमेकांत मिसळावेत. तुर्की मेंदीच्या रात्री सासू तळहातावर सोन्याचे नाणे ठेवत नाही तोवर वधू मूठ उघडत नाही. त्याच संध्याकाळी दुसऱ्या घरची गाणी झाली तर काही बिघडत नाही. कोरियन विवाहात सासूसासरे खजुरासारखी बोरे आणि चेस्टनट फेकतात व वधूवर ती पसरलेल्या कापडात झेलतात, त्यात दुसऱ्या घरचे आईवडीलही आनंदाने सामील होऊ शकतात. विवाह सिद्ध करणारी कृती ज्यात येते तो मधला टप्पा मात्र मिसळू नये. सप्तपदीची चार पावले झाल्यावर अंगठी आणि मग उरलेली तीन पावले, अशी रचना करून मागणारी जोडपी मला भेटतात. अशा रचनेत दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना आपला विधी अर्धवट राहिला असे वाटते, आणि त्यांचे वाटणे रास्त असते. दोन मध्यबिंदू असतील, तर ते एकामागून एक, मध्ये थोडा अवकाश ठेवून, शक्य असल्यास वेगळ्या जागी किंवा वेगळ्या दिवशी करावेत.

अर्थात धर्मसंस्थांची परवानगी हा स्वतंत्र विषय आहे आणि तो पहिल्या महिन्यातच हाती घ्यावा. कॅथलिक व्यक्तीला बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी विवाह करायचा असेल, तर बिशपकडून सूट घ्यावी लागते. शिवाय त्याच विवाहासाठी आधी किंवा नंतर पुन्हा संमती घेणारा दुसरा धार्मिक विधी करण्यास त्यांचा धर्मनियम मनाई करतो. ऑर्थोडॉक्स चर्चला दुसरी व्यक्ती किमान बाप्तिस्मा झालेली ख्रिस्ती असावी लागते. पारंपरिक इस्लामी न्यायशास्त्र मुस्लिम पुरुषाला ज्यू किंवा ख्रिस्ती स्त्रीशी विवाहाची मुभा देते, मुस्लिम स्त्रीला मुस्लिमेतर पुरुषाशी देत नाही. ऑर्थोडॉक्स ज्यू रब्बी आंतरधर्मीय विवाह लावत नाहीत. बहाई धर्मात दोघांची निवड झाल्यावर हयात असलेल्या सर्व आईवडिलांची संमती लागते. थेरवाद बौद्ध परंपरेत विवाह हा लौकिक व्यवहार मानला जातो, त्यामुळे भिक्खू आशीर्वाद देतात पण विवाह लावत नाहीत. क्वेकर या ख्रिस्ती पंथात तर विवाह लावणारा कोणीच नसतो: सगळे शांत बसतात, त्या शांततेत दोघे उठून एकमेकांचा पती आणि पत्नी म्हणून स्वीकार करतात आणि उपस्थित सगळे जण, लहान मुलांसकट, विवाहाच्या प्रमाणपत्रावर सही करतात. यांपैकी कुठे नकार मिळाला, तर त्या धर्मगुरूशी वाद घालू नये. तो आपल्या नियमाशी प्रामाणिक असतो. आणि विवाह लावण्यास नकार देणारे कित्येक धर्मगुरू नंतरच्या भोजनप्रसंगी आशीर्वादाचे दोन शब्द बोलायला आनंदाने येतात.

कायदा ही या सगळ्यातली तिसरी परंपरा समजावी. फ्रान्समध्ये 1792 पासून विवाह नागरी आहे आणि नगरपालिकेतला विवाह झाल्याशिवाय धार्मिक विधी करता येत नाही. तुर्कस्तानने 1926 मध्ये नागरी विवाह सक्तीचा केला. जपानमध्ये तीन पेल्यांतून तीन-तीन घोट घेण्याचा विधी कितीही सुंदर झाला, तरी कायद्याने विवाह होतो तो स्थानिक कार्यालयात दाखल केलेल्या अर्जाने. इंग्लंडमध्ये नागरी विवाहाच्या विधीत धार्मिक मजकूर समाविष्ट करता येत नाही. उलट इस्राएलमध्ये नागरी विवाहाची सोयच नसल्यामुळे आंतरधर्मीय जोडपी सायप्रससारख्या देशात जाऊन विवाह करतात आणि परत येऊन त्याची नोंद करतात. म्हणून शक्य तिथे नोंदणी आधी, थोड्या माणसांत, स्वतंत्रपणे उरकावी. मग दोन्ही धार्मिक विधींवर कागदपत्रांचा भार राहत नाही.

शेवटचा मुद्दा नको असलेल्या विधींचा. वडिलांनी सोपवणे किंवा वधूने वराभोवती सात फेरे घालणे एखाद्या वधूला पटत नाही, आणि तिचे म्हणणे निर्णायक मानावे. त्यातही विधी सरळ गाळण्यापूर्वी त्याच परंपरेतल्या जाणत्या माणसाला पर्याय विचारावा. ज्यू फेऱ्यांच्या बाबतीत आज काही जोडपी तीन फेरे वधूने, तीन वराने आणि एक दोघांनी मिळून घालतात, आणि अनेक उदारमतवादी रब्बी ते मान्य करतात. नायजेरियातल्याच योरुबा लोकांच्या विवाहात वर आणि त्याचे मित्र वधूच्या घरच्यांसमोर जमिनीवर पालथे पडून साष्टांग अभिवादन करतात. दुसऱ्या संस्कृतीतला वर हे करायला संकोचला, तर सूत्रसंचालन करणाऱ्या स्त्रीला आदल्या दिवशी तसे सांगावे. ती त्याला एकट्याला पुढे न बोलावता मित्रांबरोबर बोलावते, ते कसे करायचे हे आधी करून दाखवते आणि किती वेळा करायचे तेही त्याच्याकडे पाहून ठरवते. अशा बोलण्यांसाठी विवाहाच्या दोनतीन महिने आधी दोन्ही परंपरांतल्या प्रत्येकी एका ज्येष्ठ व्यक्तीला वधूवरांसमोर एकत्र बसवावे, मध्यवर्ती कृती, साक्षीदारांची नावे आणि वगळायचे विधी एका कागदावर लिहावेत, आणि त्या कागदाच्या प्रती दोन्ही घरी त्याच दिवशी पोहोचवाव्यात.